मी लिहिलेली धाकटी पाती

दिवाळी अंकाचे संपादक माझ्याकडे आले ते खुनाच्या खटल्यांच्या आशेने. वकिलीत जन्म गेला म्हणजे त्यात निदान दोन-चार दरोडे तरी असणारच, असा त्यांचा समज. मी त्यांना सांगितलं की माझा एकही अशील फासावर गेला नाही आणि मी कोणाला फासावरून उतरवलंही नाही. मी भागीदाऱ्यांचे, कारखान्यांचे आणि पुढे कंपन्यांचे कागद करणारा वकील. त्यांचा चेहरा उतरला. पण चहा घेऊन झाला होता, लगेच उठणंही बरं दिसेना. शेवटी "मग तेच लिहा" म्हणून ते गेले. तेच लिहितो आहे.

विसावं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हाची गोष्ट. धार-देवासकडे तेव्हा वकील म्हणजे भांडणाचा माणूस. भांडण झालं की त्याच्याकडे जायचं, आणि त्याने ते वाढवून द्यायचं. माझं काम याच्या उलट होतं. दोन माणसं मिळून धंदा करायला निघाली की मी त्यांच्यामध्ये बसायचो. कोण काय आणणार, कोण राबणार, एकाने अंग काढून घेतलं तर काय, एक मेला तर काय, हे सगळं त्यांची दोस्ती ताजी असताना विचारायचं आणि लिहून काढायचं. माणसं आनंदात असताना त्यांना मरणाबद्दल विचारणं हाच माझा धंदा म्हणा ना. लोकांना तो समजावा म्हणून मी सांगत असे की लग्न ठरल्यावर आपण याद करतो, देण्याघेण्याचं आणि मानपानाचं सगळं लिहून ठेवतो, तशी ही धंद्याची याद. हे मराठी मंडळींना लगेच पटायचं. पटल्यावर ती म्हणायची, "मग याद तर आमचे मामाच लिहितात, वकील कशाला?"

हाटपिपल्याचे दोन तेलाचे व्यापारी मला अजून आठवतात. सगळी कलमं ठरली, कागद संपला, आणि त्यातला एक म्हणाला, "अजून एक लिखो. हा दुकानात भजनं म्हणणार नाही." दुसरा संतापला. भजन म्हणणं हे काय पाप आहे का? पहिला म्हणाला, पाप नाही, पण आवाज आहे. दीड तास वाद झाला आणि शेवटी मी कलम लिहिलं की दुकान उघडं असेपर्यंत भजन मनातल्या मनात म्हणावं. ती भागीदारी दोघांच्याही हयातीत मोडली नाही. मला त्या कलमाचा आजही अभिमान आहे.

पण ज्या कागदाने मला वकील केलं तो अभिमानाचा नाही. तो चुकलेला कागद होता, आणि तो मी लिहिला होता.

मी मूळचा धारचा. धारला अण्णासाहेब नावाच्या जुन्या वकिलांकडे मी पाच वर्षं कागद उतरवत बसलो. मोडी अक्षर घोटून घेतलं, कायदा पाठ केला आणि अण्णांची भाषा उचलली. अण्णा कागद असा लिहीत की ऐकताना मान डोलावी. एका वाक्यात एक शब्द दोनदा आला तर ते लेखणीचं टोक कागदावर आपटत. भागीदारीतल्या वाट्याला ते 'पाती' म्हणत. मोठा वाटा ती थोरली पाती, लहान तो धाकटी पाती. धारला त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. वकिलीची सनद मिळाल्यावर मी देवासला गेलो तो हा शब्द बरोबर घेऊन.

देवास ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. गाव एक, राज्यं दोन. पूर्वी दोघा भावांनी वाटून घेतलेलं. वडील भावाच्या घराण्याची ती थोरली पाती, धाकट्याची ती धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एका महाराजांचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्यांचा. दोन दरबार, दोन कोर्टं, स्टांपाचे कागदही दोन तऱ्हांचे. मी धाकट्या पातीत भाड्याने राहत होतो आणि भाजी आणायला थोरल्या पातीत जात होतो. यावर मी धारला पत्रांतून पुष्कळ विनोद लिहिले. विनोद करता आला म्हणजे गोष्ट समजली, असं त्या वयात वाटतं.

तिथे गेंदालाल शेठ आणि सखाराम मिस्त्री माझ्याकडे आले. शेठ माळव्यातले कापसाचे व्यापारी, पांढरे झुपकेदार मिशीवाले, बोलायला फार गोड. मिस्त्री आपल्या मराठी लोहारांपैकी. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून दरबाराबरोबर तोफा-बंदुकांच्या दुरुस्तीला आले होते. तोफा थंडावल्या आणि हे कुटुंब इंजिनांकडे वळलं. दोघांना मिळून जिन काढायचा होता, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारा कारखाना. भांडवल शेठचं, अक्कल आणि अंगमेहनत मिस्त्रींची. वाटा शेठचा दहा आणे, मिस्त्रींचा सहा आणे.

शेठ बसल्या बसल्या म्हणाले, "वकीलसाब, झगडो तो हे नी. फेर वकील कई सारू?"

भांडणच नाही तर वकील कशाला, म्हणून मी लग्नाच्या यादीचं उदाहरण दिलं. ते हसले आणि तयार झाले. पण दोघांपैकी एकाच्या मरणानंतरचं कलम काढताच त्यांनी हात वर केला. शुभ कामात मरणाची गोष्ट नको. मीही फार ताणलं नाही. ते कलम मागाहून बघू म्हणालो.

जिन थोरल्या पातीत, रस्त्याला लागून उभा राहिला. चांगला चालला. दोन हंगामांनंतर रस्त्यापलीकडची जागा घेतली, तिथे विहीर खणली आणि कापसाचं कोठार बांधलं. ती जागा धाकट्या पातीच्या हद्दीत. म्हणून पुरवणी करार करावा लागला, आणि राहिलेलं कलम त्यात घालायला शेठही राजी झाले.

त्या पुरवणीचा कच्चा खर्डा मी घरी केला. वाक्य होतं: 'मिस्त्री यांचा हिस्सा सहा आणे असून त्यांचे पश्चात त्यांचे वारसांचा हक्क सदर कारखान्यात सहा आणे हिश्शापुरता राहील.' एका वाक्यात 'सहा आणे' दोनदा, 'हिस्सा' दोनदा. मला अण्णांच्या लेखणीचं टोक ऐकू आलं. मी वाक्य छाटलं. 'मिस्त्री यांचे पश्चात त्यांचे वारसांचा हक्क सदर कारखान्यात धाकट्या पातीपुरता राहील.' वाचून बघितलं. झोकदार वाटलं. वर पक्क्या वकिलाप्रमाणे शेवटी घातलंच, की मूळ कराराशी जिथे विरोध येईल तिथे ही पुरवणी प्रमाण मानावी.

दुसऱ्या दिवशी दोघांना कागद वाचून दाखवला. शेठ मान डोलावत होते. मिस्त्रींनी त्या वाक्यावर मला थांबवलं.

"वकीलसाहेब, धाकटी पाती म्हंजे रस्त्यापल्याडचंच ना? विहीर न् कोठार?"

मी हसलो. खरं सांगायचं तर मला त्यांची गंमत वाटली. "अहो मिस्त्री, पाती म्हणजे वाटा. तुमचा तो धाकटा, म्हणून धाकटी पाती."

"बरं भिया," ते म्हणाले. भावाला तिकडे भिया म्हणतात. "तुम्ही शिकलेले. मला आपलं वाटलं."

कागद पक्का झाला. त्या माणसाने मला माझी चूक हातात काढून दिली होती, आणि मी ती हसून परत केली. आजवर ज्या गोष्टींची मला लाज वाटली त्यांत ही पहिली.

चौथ्या हंगामात मिस्त्री तापाने गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी खेळ आटोपला. मागे त्यांची बायको सोनाबाई. मूलबाळ नव्हतं. नवरा असतानाच ती जिनात कापूस निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करायची. तो गेल्यावर दहा-पंधरा दिवसांत ती पुन्हा इंजिनाजवळ उभी राहिली. लोकांनी नावं ठेवली. पट्टा सैल झाला की तिला आवाजावरून कळायचं, आणि त्यासाठी मिस्त्रींसारखा दुसरा माणूस शेठना मिळाला नव्हता, म्हणून तेही काही बोलले नाहीत.

मग आसपासच्या कारखान्यांची मिळून एक कंपनी काढायची टूम निघाली. शेअर, डायरेक्टर, सभा, सगळं मुंबईच्या धर्तीवर. माळव्यात आमच्या भागात हे नवंच होतं. शेठ मला म्हणाले की सगळे कागद तुम्हीच करायचे. ज्या कामाची स्वप्नं मी धारला कागद उतरवताना पाहत होतो ते काम दारात आलं. कंपनीची घटना कशी लिहितात, शेअरचे नियम कसे बांधतात, हे शिकायला मी इंदूरहून इंग्रजी पुस्तकं आणली आणि पंधरा दिवस त्यांत डोकं घालून बसलो.

सोळाव्या दिवशी सोनाबाई आली. दारातच उभी राहिली.

"वकीलसाहेब, शेठ म्हणतात, तुझं रस्त्याच्या अल्याड काई नाही. विहीर घे, कोठार घे न् चुपचाप बस. इंजिनाकडे यायचं नाही म्हणतात. असं लिहिलंय का तुम्ही?"

मी नाही म्हणालो. मग कागद काढून वाचला, आणि प्रथमच तो देवासच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचला. 'सदर कारखान्यात धाकट्या पातीपुरता.' तिथल्या कोणत्याही माणसाला विचारा, धाकटी पाती म्हणजे राज्य. म्हणजे कारखान्याचा जो भाग त्या राज्यात आहे तेवढाच तिचा. मूळ करारातले सहा आणे मदतीला आले असते, पण पुरवणीच प्रमाण, हेही मीच लिहून ठेवलेलं. मी तिला बसायला सांगितलं आणि ती बसली नाही.

मी शेठकडे गेलो. ते गादीवर बसले होते. त्यांनी काही नाकारलं नाही, हेच मला जास्त लागलं.

"वकीलसाब, कागद में जो लिख्यो हे, सो लिख्यो हे. आपने ज लिख्यो हे."

"शेठ, तुम्हाला ठाऊक आहे त्याचा अर्थ काय होता."

"म्हारे तो यो ठाऊक हे के कंपनी में लुगाई भागीदार कोई नी चावे." मग मऊ आवाजात म्हणाले, की कोर्टात गेलंच तर तुम्ही काही करू नका, फक्त कागद वाचून दाखवा. कंपनीचे कागद तुमचेच आहेत.

शेठ वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. नव्या भागीदारांना बाई नको होती, आणि तिला बाजूला सारायची वाट माझ्या वाक्याने त्यांना आयती दाखवली. ती वाट तिथे नसती तर ते त्या बाजूला वळलेही नसते.

मी धारला अण्णांकडे गेलो. सगळं सांगितलं. माझ्याजवळ एक वस्तू होती: पुरवणीचा तो कच्चा खर्डा, ज्यात 'सहा आणे हिश्शापुरता' हे शब्द माझ्या हातचे, माझ्याच हाताने खोडलेले, आणि वर 'धाकट्या पातीपुरता' लिहिलेलं. तो कोर्टात दिला तर अर्थ सिद्ध होत होता. पण तो देणं म्हणजे भरल्या कोर्टात सांगणं की या वकिलाला कागद करता येत नाही. कागद करण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "खर्डा कोणाचा?"

"माझा. पण दोघांसाठी केलेला."

"मग तो दोघांचाही. एकाला सोयीचा नाही म्हणून तू तो दाबून ठेवणार का?" मग त्यांनी खर्ड्यावरची खोड बोटाने दाखवली. "आणि शब्द दोनदा आला तर येऊ द्यावा, हे मी तुला शिकवायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं."

अण्णांच्या तोंडून असं काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं. परतताना मनाशी ठरवलं. काय व्हायचं ते होवो, खर्डा द्यायचा.

सोनाबाईने दावा लावला, तो थोरल्या पातीच्या कोर्टात चालला. मी वकील म्हणून उभा राहू शकत नव्हतो, साक्षीदार म्हणून उभा राहिलो. गावातले झाडून सगळे वकील ऐकायला आले होते. खर्डा दाखवला. शेठच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली.

"पुरवणीचा लेख स्पष्ट आहे की नाही?"

"नाही."

"कोणी लिहिला?"

"मी."

"लिहिताना आपण शुद्धीवर होता?"

लोक हसले. मी म्हणालो, "शुद्धीवर होतो. भाषेच्या तोऱ्यात होतो." आणि मग, कोणी विचारलं नसताना, मिस्त्रींनी मला काय विचारलं होतं आणि मी कसा हसलो होतो ते सांगितलं. वकिलांनी हरकत घेतली, की मेलेल्या माणसाचं बोलणं कोण शाबीत करणार?

न्यायाधीशांनी शेठकडे पाहिलं. "आपण तिथे हजर होता?"

शेठ उभे राहिले. त्यांनी शपथ घेतलेली होती, आणि ते रोज मंदिरात जाणारे गृहस्थ होते. त्यांच्या वकिलांनी त्यांची बाही ओढली. शेठनी सोनाबाईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"हां साब," ते म्हणाले. "मिस्तरी ने पूछ्यो थो."

"आणि वकिलांनी काय सांगितलं?"

"के पाती माने हिस्सो."

सोनाबाईचे सहा आणे तिच्याकडे राहिले. इंजिनाशी उभं राहण्याचा हक्कही राहिला. कंपनी त्या वर्षी निघाली नाही, आणि निघती तरी तिचे कागद माझ्याकडे आले नसते. गावात माझं नाव 'पातीवाले वकील' पडलं. भाजीवाल्यापर्यंत पोचलं ते. हंगामच्या हंगाम गेले, एक भागीदारी माझ्याकडे आली नाही. लोक मला भाडेचिठ्ठ्या द्यायचे, त्याही वाचून घ्यायचे दुसऱ्याकडून. बायको म्हणाली, धारला परत जाऊ. मी म्हणालो, जिथे चुकलो तिथेच शिकायचं, हललो तर जन्मभर लपत फिरावं लागेल. हट्ट होता हा, दुसरं काही नाही. इंदूरची पुस्तकं पुन्हा उघडली. आणि एक रीत घालून घेतली. कोणताही कागद पक्का करण्याआधी ज्याचा त्यात काही संबंध नाही अशा माणसाला बोलावून वाचून दाखवायचा. कधी शिंपी, कधी पानवाला, कधी हाटपिपल्याहून बाजाराला आलेला शेतकरी. एकेका वाक्यावर विचारायचं, याचा दुसरा काही अर्थ होतो का? ते जे अर्थ काढत ते ऐकून अंगावर काटा यायचा.

पाच-सहा वर्षांनी कंपनीचा घाट पुन्हा घातला गेला. शेठनी इंदूरचे मोठे वकील आणले होते. जिन कंपनीत जाणार, सोनाबाईच्या सहा आण्यांच्या बदल्यात तिला शेअर मिळणार. ती माझ्याकडे आली, या वेळी बसली.

"माझ्या बाजूने तुम्ही वाचा."

"बाई, गावात दुसरे वकील आहेत."

"आहेत. पण त्यांचं अजून चुकायचं आहे." ती हसली नाही. "तुमचं चुकून झालं."

तो माझा कंपनीचा पहिला व्यवहार. इंदूरच्या वकिलांचा मसुदा उत्तम होता, पण मी चौदा जागी बोट ठेवलं. तिचे शेअर तिच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत, हे स्पष्ट लिहून घेतलं. जिनाची देखरेख तिच्याकडे राहील, हेही. एका वाक्यात 'सोनाबाई' चार वेळा आलं. इंदूरचे वकील म्हणाले, "भाषा फार जड झाली हो." मी म्हणालो, होऊ द्या.

सह्यांच्या दिवशी शेठच्या गादीवर सगळे जमले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या नावापुढे निशाणी काढायची आमच्याकडे पद्धत आहे. शेतकरी असेल तर नांगर, कारागीर असेल तर त्याचं हत्यार, आणि बाई कोणीही असली तरी बांगडी. कारकुनाने पद्धतीप्रमाणे सोनाबाईच्या नावापुढे एक गोल काढला, 'निशाणी बांगडीची' लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला, तिने कलमाला हात लावावा म्हणून.

तिने हात लावला नाही. "हे काय काढलं?"

"बांगडी," कारकून म्हणाला. "बायकांची तीच असते."

तिने दोन्ही हात पदरातून बाहेर काढले आणि कागदावर ठेवले. मनगटं मोकळी होती. बोटांच्या पेरांत इंजिनाचं काळं तेल मुरलेलं होतं.

"मेरे हाथ में बांगडी किधर है, भिया? हातोडा काढा."

इंदूरचे वकील म्हणाले की पक्क्या कागदावर खाडाखोड नको. मी कारकुनाच्या हातून कलम घेतलं. बांगडी खोडली, शेजारी हातोडा काढला, आणि बाईने कलमाला हात लावला. मग खाडाखोडीला नियमाप्रमाणे लागतो तो शेरा समासात लिहिला: 'बांगडी खोडून हातोडा काढला, तो बरोबर.' आणि त्याखाली माझी सही केली.